मी काळ्या केलेल्या चार ओळी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "काका, जेलातल्या चार गमतीजमती लिहा. दिवाळी आहे, लोकांना हलकंफुलकं लागतं." हो म्हणून बसलो. आज चौथा दिवस, आणि पहिलं पान पाचव्यांदा फाडलं. बायको म्हणते, "आवं, एका जागी बसा की जरा. बुडाला काटे हायत का?" आहेत. नोकरीत असतानाही होते, पण तेव्हा खुर्ची सरकारी होती, म्हणून बसून राहिलो.

गंमत म्हणाल तर माझं कामच गमतीचं. मी जेलमध्ये टपाल तपासणारा कारकून होतो. जेल म्हटलं की लोकांना शिपाई, काठी आणि किल्ल्यांचा जुडगा एवढंच आठवतं. पण कैदी पत्र लिहितो, कैद्याला पत्र येतं, आणि ते आधी कुणीतरी वाचावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे मी. बायकोनं नवऱ्याला लिहिलेलं, आईनं मास्तरकडून लिहवून घेतलेलं, भावानं भावाला घातलेल्या शिव्या, सगळं पहिल्यांदा माझ्या टेबलावर. कुणाच्या घरात काय शिजतंय हे त्या घरच्या माणसाच्या आधी मला कळायचं. सुरुवातीला लाज वाटली. सहा महिन्यांत ती गेली.

जेल कुठलं ते लिहीत नाही. नांदेड-लातूर पट्ट्यातलं समजा. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली नावं काळी केली, आता स्वतःच्या लेखात ती उघडी टाकायला हात धजत नाही. इथं जी नावं येतील ती मी बदलली आहेत.

कैद्याच्या पत्रात, जाणाऱ्या आणि येणाऱ्याही, काय नको याची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली होती. बंदोबस्ताबद्दल नको. शिपायांची नावं नकोत. दुसऱ्या कैद्यांबद्दल नको, खटल्याबद्दल नको. हत्यारं आणि दारूगोळा तर नावालाही नको. आणि आकडा दिसला की थांबायचं. "मामाला सांग, तीन बकऱ्या घेऊन पाचव्या दिवशी ये." आता यातल्या तीन बकऱ्या खरंच बकऱ्या असतील कशावरून? माझ्या आधीच्या कारकुनानं पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला होता, "आकडा दिसला की समज, भानगड हाय." नियम मोडला असेल तेवढ्यावर काळी शाई फिरवायची, खाली 'तपासले' असा शिक्का मारायचा, सही करायची. झालं काम.

आता शाईचं सांगतो, कारण त्याचा मला फार तोरा होता. बाजारच्या शाईनं खोडलं तर कागद उजेडाकडं धरला की खालचं अक्षर दिसतं. कैद्यांच्या घरचे काही दुधखुळे नव्हते. उन्हात धरायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे. म्हणून मी शिक्क्याच्या शाईत काजळी आणि डिंक घोटून माझी वेगळी शाई केली. एक हात फिरवला की वरून, खालून, उन्हात, पाण्यात, काही म्हणजे काही दिसायचं नाही. एकदा प्रशिक्षणात दुसऱ्या जेलांच्या कारकुनांपुढं मला उभं करून ती कृती सांगायला लावली होती. कैदी मला 'शाईवाले साब' म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, साहेब नवे. टपालाचा मात्र पार चुथडा. पत्रं जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावर जायची, तिथून फिरून दोन-दोन शिक्के खाऊन माझ्याकडं यायची. तिकडचे कैदी अजून आमच्याच जेलात होते. आणि पाऊस नव्हता. जिल्हा आला आन् पाऊस गेला, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. दुसऱ्या वर्षीही आला नाही तेव्हा चेष्टा थांबली.

अशात एक दिवस लातूरचे महालिंगअप्पा आमच्या सुपरिंटेंडेंट साहेबांना भेटायला आले. अप्पांचा छापखाना होता आणि त्यातून ते एक साप्ताहिक काढायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तोंडात कायम लवंग. म्हणाले, "साहेब, जिल्हा नवा, पेपर नवा. मग त्यात कायतरी नवं पायजे का न्हाई? तुमच्या आतल्या लोकांला लिव्हू द्या. बाहेर बसल्यांला कळू द्या की आत मानसंच हायत." साहेब सुधारणेच्या बाजूचे होते. हो म्हणाले. अट एकच, प्रत्येक ओळ माझ्या टेबलावरून जाणार आणि खोडलेला मूळ कागद छापून झाल्यावर माझ्याकडं परत येणार.

अप्पांनी त्या पानाला नाव दिलं 'आतून आलेलं'. मला वाटलं होतं, दोन आठवड्यांत बंद पडेल. उलट लोक ते आधी वाचायला लागले. एकानं लिहिलं, 'मी गुन्हा केला जुन्या जिल्ह्यात, शिक्षा भोगतोय नव्या जिल्ह्याच्या नावावर. जिल्हा बदलला तशी शिक्षा का बदलू नये, याचा विद्वानांनी विचार करावा.' त्यावर विद्वानांची नाही, पण शाळामास्तरांची पाच पत्रं आली. दुसरा एक कुलपं फोडणारा होता. त्यानं 'कुलूप विकत घेताना' असा लेख लिहिला. माणूस अगदी मनापासून सांगत होता की कुठलं कुलूप कसं उघडतं. मी निम्मा लेख काळा केला. मी खोडलेल्या जागी अप्पा टिंबं छापायचे, त्यामुळं लेखाला नुसती पुरळ उठल्यागत झालं. पुढच्या आठवड्यात औशाच्या एका किराणा दुकानदाराचं पत्र आलं, 'लेखकमहाशयांस विनंती, राहिलेला मजकूर खाजगीत कळवावा.' ते पत्र मी त्या कैद्याला वाचून दाखवलं. आधी पोट धरधरून हसला. मग म्हणाला, "साब, पुन्यांदा वाचा." मी वाचलं. "न्हाई, तो मायना वाचा, महाशय." जन्मात त्याला कुणी महाशय म्हटलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं ताट तसंच परत केलं.

अप्पा मला चिडवायचे, "कारकूनसाहेब, लोकं तुमची टिंबंच आधी वाचायलेत." मी मिशीतल्या मिशीत हसायचो.

मग मल्लप्पानं लिहिलं.

मल्लप्पा निलंग्याकडचा. बोलण्यात निम्मं कानडी, 'हो'च्या जागी 'हौद'. बाहेर असताना विहिरींचे सुरुंग उडवायचा. त्याच्या हलगर्जीनं त्याचा एक जोडीदार मेला म्हणून त्याला शिक्षा लागली होती. त्याचं काम त्यानंच मला समजावलं होतं. विहिरीत खडक लागला की पहारीनं भोकं पाडायची. प्रत्येक भोकात जिलेटीनची कांडी सोडायची, वात लावायची, वरून माती ठासायची. वाती पेटवून सगळ्यांनी वर येऊन लांब पळायचं. आणि मग सुरुंगवाल्यानं बोटं धरून आवाज मोजायचे. भोकं जितकी, आवाज तितके आले पाहिजेत. एक जरी कमी आला तरी त्या दिवशी विहिरीत कुणी उतरायचं नाही, आणि न उडालेल्या भोकाला पुन्हा पहार लावायची नाही.

"त्या दिवशी दोन आवाज एकमेकांत मिसळले असं वाटलं साब," तो म्हणाला. "वाटलं म्हणून 'झालं' म्हन्लो. किसन उतरला."

यावर त्यानं दोन पानं लिहिली. मोठं मोठं अक्षर, ओळी उताराला लागलेल्या. पण काय लिहिलं होतं! आवाज मोजताना कान कसा लावायचा, घाईच्या दिवशी माणूस कसा स्वतःलाच फसवतो, किसनची टोपी वर कशी राहिली होती. मी टपाल तपासायला लागल्यापासून पहिल्यांदा शाईचा बोळा खाली ठेवून वाचत बसलो. कारकुनाला आत शिरून वाचायची परवानगी नसते, पण शिरलो.

शेवटी चार ओळी वेगळ्या लिहिल्या होत्या. त्यांत एका गावाचं नाव होतं. एक दिशा होती. भरलेल्या भोकांचा विषय होता. आणि आकडे होते, सात आणि सहा. आकडे दिसले आणि माझं वाचणं तिथंच थांबलं, बाकीवर नुसती नजर फिरली. चार ओळींत यादीतली निम्मी कलमं मोडलेली. वर, मल्लप्पाच्या बराकीत माणसं किती? सात. माझं डोकं तयार झालेलं होतं ना तसं! सातातले सहा, अमक्या गावाकडं, अमक्या दिशेनं. मला वाटलं, लेका मल्लप्पा, दोन पानं रडवलंस आणि शेवटी पळून जायचा निरोप घातलास काय? मी चारी ओळींवर बोळा फिरवला, एकदा आणि वर दुसऱ्यांदा. आणि साहेबांना टिपण लिहून दिलं. साहेब खूश. आठ दिवसांत मल्लप्पाचा तबादला दूरच्या मोठ्या जेलात झाला.

त्याला गाडीत घालत होते तेव्हा मी फाटकाशी रजिस्टर घेऊन उभा होतो. त्यानं विचारलं, "साब, त्या शेवटच्या चार वळी ठेवल्या ना?"

"नियमात बसत नव्हत्या."

तो म्हणाला, "पर तुमी वाचल्या ना? नीट?"

"वाचल्या की."

"हौद. सरकारनं वाचलं मंजी झालं," म्हणाला आणि हलक्या अंगानं गाडीत चढला. मला त्याच्या त्या हलकेपणाचाही संशय आला होता.

लेख छापून आला. शेवटी टिंबांच्या चार ओळी. लोकांना फार आवडला, अप्पांनी पत्रांचा गठ्ठाच आणून दाखवला. माझ्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात शेरा पडला, 'कामात दक्ष'.

दीड वर्ष गेलं. पाऊस तसाच. आमच्या जेलच्या विहिरीनं तळ दाखवला. टँकर यायचा, पण एवढी माणसं, टँकर काय पुरतो! शेवटी विहीर खोल करायचं ठरलं. ठेकेदाराचा सुरुंगवाला आला. म्हातारा, कानाला रुमाल बांधलेला. दुपारची वेळ, कैदी बराकीत कोंडलेले, आम्ही कचेरीच्या व्हरांड्यात उभे. वाती पेटवून म्हातारा धावत वर आला, आमच्याजवळ उकिडवा बसला आणि एकेक बोट मिटायला लागला.

"एक... दोन... तीन... चार... पाच... सहा."

आणि थांबला. आम्हीही थांबलो. धूळ खाली बसली. आमचे जेलर म्हणाले, "चला, झालं का?"

म्हातारा मिटलेली बोटं तशीच धरून म्हणाला, "सात भोकं, आवाज सहा. एक ऱ्हायलं साहेब. आज कुनी उतरायचं न्हाई. ते जितं हाय."

सात भोकं, सहा आवाज.

मी तसाच आत आलो, कपाटातून मल्लप्पाचे कागद काढले आणि खिडकीच्या उन्हात धरले. काही दिसेना. दुहेरी हात फिरवलेला. पाण्याचा हात लावून बघितला, मागून बघितलं, भिंग आणून बघितलं. काळंभोर. माझी शाई! उभ्या जिल्ह्यात नावाजलेली. त्या दिवशी मी स्वतःलाच अशी शिवी घातली की शेजारचा कारकून दचकून उठला.

गावाचं नाव आठवेना. साहेबांना दिलेल्या टिपणातही मी नुसतं 'एका गावाकडं' असं लिहिलं होतं. मल्लप्पानं आणखी कुठल्यातरी विहिरीत एक भरलेलं भोक मागं ठेवलं होतं, एवढं आता कळलं होतं. तेव्हा तिथं पाणी लागलं असणार, म्हणून ते भोक तसंच बुडून राहिलं. आणि पाणी आटल्यावर जो तो विहीर खोल करत सुटला होता. तिथंही कुणीतरी पहार घेऊन उतरणार होतं.

साहेबांना सगळं सांगितलं. ते चांगले होते, पण साहेब होते. "तिकडच्या जेलला रीतसर पत्र काढा," म्हणाले. रीतसर म्हणजे तीन आठवडे. कलेक्टर कचेरीला कळवावं तर कुठल्या गावाचं म्हणून कळवू? मी सासू आजारी आहे म्हणून रजा टाकली. सासू ठणठणीत होती, तिनं ते अजून मला माफ केलेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मल्लप्पाच्या जेलकडं निघालो. सबंध वाट मी सीटवर नीट टेकलो नाही. कंडक्टर दोनदा म्हणाला, "काका, उतरायचं असंल तर सांगा."

तिथं मी मुलाखतीच्या रांगेत उभा राहिलो, बाकीच्या बायाबापड्यांसारखा. आयुष्यात पहिल्यांदा जाळीच्या त्या बाजूला. मल्लप्पा आला. आमच्या दोघांच्या बाजूला एक कारकून टेबल टाकून बसलेला. त्यानं मला ओळखलं. "सर, तुम्ही! ती शाई आम्ही अजून तुमच्याच पद्धतीनं करतो." मी मान हलवली. मला त्याच्याकडं बघवेना.

"मल्लप्पा," मी म्हणालो, "त्या चार ओळींतलं गाव कुठलं?"

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग त्याचा चेहरा उतरला. "मंजी तुमी कुनाला सांगितलंच न्हाई?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"साब, तुमी वाचलं म्हन्लाव. म्या दीड वरीस निवांत झोपून राहिलो इथं. वाटायचं, सरकारला कळलंय, सरकारनं बंदोबस्त केला असंल. अर्जच लिव्हणार व्हतो पैलं. पर भ्यालो, अर्ज केला तर माज्यावरच दुसरी केस. म्हनून पेपरात घातलं, गावाला कळंल म्हनून. आन् तुमी..."

कारकून मध्येच म्हणाला, "खटल्याबद्दल बोलू नका. बोललात तर मला लिहून घ्यावं लागेल."

मल्लप्पानं त्याच्याकडं बघितलं. सुटायला त्याला थोडेच महिने उरले होते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी त्याला थांब म्हणालो नाही. खरं सांगतो, म्हणायचं मनातही नव्हतं.

"घ्या लिव्हून," मल्लप्पा मोठ्यानं म्हणाला. "नीट घ्या, या साबासारकं खोडू नका." आणि त्यानं त्या चारी ओळी सांगितल्या, गावाच्या नावासकट. त्या जबाबाचं पुढं व्हायचं ते झालं. तो आणखी आत राहिला.

मी तिथूनच लातूरची गाडी धरली, तिथून चाकूर, आणि चाकूरहून एका जीपच्या मागं लटकून गावात पोचलो. गावाला इथं बोरवाडी म्हणतो. सरकारी विहिरीवर कुणीच नव्हतं. दोर गुंडाळून ठेवलेला, पहारी पडलेल्या. काम सुरू झालेलं नाही असं वाटून मी मोठ्यानं 'देवा' म्हणालो. शेजारच्या पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "काम बंद हाय. पंदरा दिस झाले. ज्ञानोबाला लागलं तवापासून."

ज्ञानोबा घरासमोर बाजेवर बसला होता. पस्तिशीचा असेल. उजवा हात मनगटापासून नव्हता, डाव्या डोळ्यावर पट्टी. आत चूल पेटलेली. मी कोण, कुठून आलो, सगळं उभ्यानं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. त्याची बायको दारात आली, माझ्याकडं बघितलं, म्हणाली, "आता कशाला आलाव?" आणि आत गेली.

ज्ञानोबा मात्र मल्लप्पाच्या नावानं सावरून बसला. "त्याचं पान? आवं, पारावर म्याच तर वाचलं व्हतं मोठ्यानं. लई झकास लिव्हलं व्हतं. त्याच्यामुळंच आमी बार मोजाया लागलो. आमचे समदे मोजले, बरोबर आले. मग म्या नव्या भोकाला पहार मारली, तर जुनंच कायतरी उडालं." त्यानं उरलेल्या हातानं डोळ्यावरची पट्टी सारखी केली. "शेवटाला टिंबं व्हती. मला वाटलं, छापाया जागा उरली नसंल. काय व्हतं हो तिथं?"

मी तोंडपाठ केलं होतं. बसमध्ये सबंध वाट तेच म्हणत आलो होतो. त्याच्यासमोर उभा राहून म्हटलं:

'बोरवाडीच्या सरकारी विहिरीत मी सात भोकं भरली, आवाज सहा आले. मी लोकांना सात सांगितले, ही माझी चूक. उगवतीला, पायरीच्या खालचं भोक भरलेलं आहे. पाणी आटलं तरी तिथं कुणी पहार लावू नये.'

ज्ञानोबानं मान वळवून विहिरीकडं बघितलं. "उगवतीलाच व्हतो म्या," म्हणाला. "पायरीच्या खाली." मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटत होतं. पण तो म्हणाला, "मल्लप्पाला लिव्हा. एक हात गेला, एक डोळा गेला, जीव हाय. खोटं लिव्हू नका. तो वाट बघत असंल. त्यानं खरं लिव्हलं व्हतं, आता तुमी तरी खरं लिव्हा."

त्याच पारावर बसून मी कार्ड लिहिलं. दोनच ओळी, अगदी साध्या. चाकूरच्या पेटीत टाकलं.

परत आल्यावर मी साहेबांना अर्ज दिला, चूक माझी, चौकशी व्हावी. अर्जावर दोन महिन्यांनी शेरा आला, 'कारकुनाची कार्यवाही नियमानुसार योग्य.' म्हणजे झालं! ज्ञानोबाचा हात नियमानुसार गेला. ती शाई मी मोरीत ओतली आणि बाजारची साधी आणली. उजेडात धरली की अक्षर दिसायचं. दिसू दे. त्यानंतर कुणी त्याबद्दल मला टोकलं नाही. कदाचित कुणाचं लक्षच नव्हतं. अप्पांनी 'आतून आलेलं' आणखी काही काळ चालवलं. माझ्याकडं येणारी प्रत्येक ओळ मी दोनदा वाचायचो, एकदा कारकून म्हणून आणि एकदा पहार हातात धरलेला माणूस म्हणून. कामाला वेळ लागायचा. शेरा पडला, 'संथ'.

मल्लप्पाचं उत्तर कधी आलं नाही. मी समजलो, तो रागावला. रागवायलाच पाहिजे होता.

मग एका उन्हाळ्यात, मी नांदेडला घरी होतो, दुपारी दार वाजलं. बायकोनं उघडलं आणि म्हणाली, "कुनी मल्लप्पा म्हनून आलाय." पार वाळला होता. पिशवीत दोन कपडे. सुटून सरळ माझ्याकडं आला होता. बायकोनं पाणी दिलं, ते प्याला, आणि आत यायला तयार होईना. उंबऱ्यावरच बसला.

"तुमचं कार्ड मिळालं व्हतं साब," म्हणाला. "लई जपून ठेवलंय."

त्यानं पिशवीतून ते काढून माझ्या हातात दिलं. कडा झिजलेल्या. वरती माझा मायना, 'प्रिय मल्लप्पा, मी बोरवाडीला जाऊन आलो.' खाली माझी सही आणि घरचा पत्ता. मधल्या दोन ओळींवर काळी शाई. कैद्याचं मन विचलित होईल असा मजकूर नको, हेही त्या यादीत होतं. मी कार्ड उन्हाकडं धरलं. माझ्याच कृतीची शाई. काही दिसलं नाही.

"म्याबी धरून बघितलं उन्हात," मल्लप्पा म्हणाला. "लई डाव. लिव्हून इचारावं, तर तेबी काळंच झालं असतं. कदी वाटायचं, येळंवर पोचले असतील साब. कदी वाटायचं, न्हाई. काय लिव्हलं व्हतं?"

बायको दारात उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. खोटं बोलणं किती सोपं होतं! 'वेळेवर पोचलो' एवढे दोनच शब्द. इतकी वर्षं आत काढून आलेला माणूस निवांत झोपला असता. माझ्या तोंडात ते आलेही होते.

"उशीर झाला मल्लप्पा," मी म्हणालो. "पंधरा दिवस आधीच ते उडालं होतं. ज्ञानोबा म्हणून आहे. जीव वाचला. एक हात गेला, एक डोळा गेला."

त्यानं हळूच विचारलं, "कंचा हात?"

"उजवा."

त्यानं आपला उजवा हात मांडीवर उलटा करून ठेवला आणि त्याकडं बघत बसला. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. शेवटी त्यानं पिशवी उचलली, उभा राहिला आणि विचारलं, "चाकूरला गाडी कितीला हाय?"

"आहे आता एक, तीनची," मी म्हणालो, आणि चपला पायात घातल्या.